११२ च्या नियंत्रण कक्षातील कामाचा ताण मोजायचा तर नेमके काय मोजावे?

समाजकार्य_यवतमाळ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते आणि समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. विदर्भातील एका जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षात ११२ या आपत्कालीन मदत क्रमांकाचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांवरील कामाचा ताण हा विषय मी लघुप्रबंधासाठी घेतला आहे. ज्यांना या व्यवस्थेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राज्यात कोठूनही ११२ लावला की तो कॉल आधी नवी मुंबईच्या मुख्य केंद्रात किंवा नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात घेतला जातो, तेथे घटनेची नोंद होते आणि ती नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर येते. जिल्ह्याचे कर्मचारी जवळची गाडी पाहून तिच्यातील एमडीटी यंत्रावर (गाडीत बसवलेल्या पडद्यावर) ती पाठवतात, आणि पत्ता कळत नसेल तर तक्रारदाराला स्वतः उलट फोन करतात. रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकाचे केंद्र पुण्याला असून ती व्यवस्था वेगळी आहे. माझ्या अभ्यासात ती नाही.

मी निवडलेल्या कक्षात सर्व पाळ्या मिळून २२ कर्मचारी आहेत. ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ची, म्हणजे जाणवलेला ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीची, दहा प्रश्नांची आवृत्ती सर्वांकडून एकदा भरून घ्यावी, किती टक्के कर्मचारी तीव्र ताणाखाली आहेत ते काढावे आणि त्याचा वय, लिंग व सेवाकाल यांच्याशी संबंध तपासावा, असे माझ्या मार्गदर्शकांनी सुचवले आहे. विभागातील दुसरे एक प्राध्यापक म्हणतात की प्रश्नावलीवर आता कोणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक किंवा निदान मनगटी घड्याळातील हृदयगती तरी घ्यावी.

मला दोन शंका सतावत आहेत. यातील बहुतेक कर्मचारी शेतकरी कुटुंबांतील आहेत. ऑक्टोबर महिन्यात घरी बोंडअळीने कपाशी गेलेली असताना ‘गेल्या महिन्यात आपणांस किती वेळा अस्वस्थ वाटले’ या प्रश्नाला आलेले उत्तर कक्षाचे मानावे की वावराचे? आणि दुसरे असे की, भरलेले फॉर्म वरिष्ठांच्या टेबलावर जमा करावेत असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. तसे केल्यास खरी उत्तरे मिळतील का, याविषयी मी साशंक आहे. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जे अशा कक्षात बसतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

संख्याशास्त्र_अमरावती

आपली पहिली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्या मापनीच्या रचनेतच सापडते. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही मापनी प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात १४ प्रश्न होते. दहा प्रश्नांची आवृत्ती नंतर आली. गेल्या महिनाभरात आयुष्य एकूण किती अनिश्चित, हाताबाहेर गेलेले आणि पेलवेनासे वाटले, एवढेच ती विचारते. घर, शेत, कर्ज, मुलांच्या परीक्षा आणि नोकरी हे सारे त्या एकाच गुणसंख्येत मिसळलेले असते. कामाचा ताण वेगळा काढणे हे त्या मापनीचे कामच नाही, त्यामुळे तिला त्यासाठी दोष देण्यातही अर्थ नाही.

टक्केवारीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. या मापनीत ० ते ४० गुण मिळतात आणि १३ पर्यंत सौम्य, २६ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र असे टप्पे इंटरनेटवर सर्रास आढळतात. लघुप्रबंधांत ते डोळे झाकून उतरवले जातात. मूळ कर्त्यांनी मात्र ही मापनी निदानासाठी नाही आणि तिला अशा सीमारेषा नाहीत असेच म्हटले आहे. शिवाय चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न सकारात्मक असल्यामुळे त्यांचे गुण उलटे मोजावे लागतात. हे विसरलेले किती प्रबंध मी तोंडी परीक्षेत पाहिले आहेत ते विचारू नका.

आता संख्येविषयी. २२ पैकी ११ जण तीव्र ताणाखाली आढळले असे समजा. हे प्रमाण ५० टक्के झाले. परंतु आपला कक्ष हा अशा अनेक कक्षांचा नमुना आहे असे मानून तो आकडा इतरत्र लावायला गेलात, तर ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरे प्रमाण ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावे ते अंतर, साधारण २८ ते ७२ टक्के इतकी पसरट निघते, म्हणजे हाती काहीच लागत नाही. सेवाकाल आणि ताण यांचा सहसंबंध काढायचा म्हटले तर २२ जणांमध्ये तो ०.४२ च्या पुढे गेल्याशिवाय पाच टक्क्यांच्या पातळीवर सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग नसलेला, असा ठरत नाही. मध्यम ताकदीचे खरे संबंध या चाळणीतून गळून जातील आणि आपण ‘संबंध आढळला नाही’ असा निष्कर्ष लिहून मोकळ्या व्हाल.

म्हणून २२ जणांना एकमेकांशी ताडून पाहण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्याशीच ताडून पाहावे. त्याच व्यक्तीच्या दोन सकाळपाळ्या, दोन दुपारपाळ्या आणि दोन रात्रपाळ्या घ्या, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला व शेवटी दोन-तीन मिनिटांची नोंद घ्या, आणि त्या पाळीत किती नोंदी आल्या, त्यांतील किती गंभीर होत्या, गाडी किती वेळा उपलब्ध नव्हती, हे कक्षाच्या संगणकातून एकत्रित स्वरूपात मागा. घरची चिंता दोन्ही दिवशी जवळपास तेवढीच असते. पाळी बदलली म्हणून जे बदलते त्यात कामाचा वाटा दिसू लागतो. अशा १३२ पाळ्यांच्या नोंदी झाल्या तरी त्या १३२ स्वतंत्र व्यक्ती नव्हेत, हे विश्लेषणात विसरू नये. त्यासाठी एकाच व्यक्तीच्या अनेक नोंदी लक्षात घेणारे मिश्र परिणाम प्रतिमान वापरतात, आणि ते आर या मोफत प्रणालीत सहज होते.

पाळीच्या शेवटी घेण्याच्या नोंदीसाठी नासाची कामाचा भार मोजणारी टीएलएक्स मापनी उपयोगी पडेल. ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली असून मानसिक श्रम, शारीरिक श्रम, वेळेचा दबाव, स्वतःच्या कामगिरीविषयीचे मत, करावे लागलेले प्रयत्न आणि वैताग अशा सहाच बाबी विचारते. रात्रपाळीसाठी एक ते नऊ अंकांची कॅरोलिन्स्का निद्रालुता मापनी जोडावी, कारण पहाटे चारची झोप आणि पहाटे चारचा ताण वरवर एकसारखेच दिसतात.

कामाची रचना समजून घेण्यासाठी एकदाच एक मोठी प्रश्नावली घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे श्रीवास्तव आणि सिंह यांचा १९८१ चा ‘ऑक्युपेशनल स्ट्रेस इंडेक्स’ बराच वापरला जातो. त्यात ४६ विधाने आहेत, त्यांपैकी २८ सरळ व १८ उलट गुणांची, आणि कामाचा अतिरेक, भूमिकेतील संदिग्धता, गटाचा वा राजकीय दबाव, अधिकारशून्यता अशी बारा अंगे आहेत. एकूण बेरजेपेक्षा ही अंगे स्वतंत्रपणे पाहिलीत तर ती जास्त बोलतात. मला स्वतःला मात्र रॉबर्ट कॅरासेक यांची १९७९ ची मांडणी या कामाला अधिक लागू वाटते. कामाची मागणी मोठी आणि त्यावरील ताबा लहान असला की ताण सर्वाधिक होतो, असे ती सांगते. जिल्हा कक्षातल्या माणसाला येणारी नोंद नाकारता येत नाही, गाड्यांची संख्या वाढवता येत नाही आणि गाडी निघाल्यावर ती लवकर पोहोचवणेही त्याच्या हाती नसते. जॉन्सन आणि हॉल यांनी १९८८ मध्ये यात सहकाऱ्यांच्या आधाराची तिसरी बाजू जोडली. लहान कक्षात ती वगळू नये. मास्लाक यांची बर्नआउट (कामामुळे पार थकून जाण्याची) मापनी परवाना शुल्क भरून घ्यावी लागते. तशीच गरज पडली तर २००५ ची कोपनहेगन मापनी १९ प्रश्नांची असून विनामूल्य आहे.

रात्रपाळी_११२

ताई, नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात डिस्पॅचरचे, म्हणजे गाड्या पाठवण्याचे, काम करतो. जिल्ह्याचे नाव लिहीत नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

वर सरांनी नोंदींची संख्या संगणकातून मागायला सांगितले आहे. ती जरूर मागा, परंतु ताण संख्येच्या मागे चालत नाही. शनिवारी रात्री दारू पिऊन झालेल्या भांडणांचे कॉल एकामागून एक येतात. त्यांत दमायला होते, पण घरी गेल्यावर झोप लागते. या उलट एखाद्या शांत पाळीत एकच नोंद अशी येते की ती डोक्यातून जात नाही. पावसाळ्यातली अशी एक नोंद उदाहरणादाखल सांगतो. पडद्यावर एवढेच होते की महिला, शेतात, साप चावला, नाल्याजवळ. अशी नोंद १०८ कडेही जाते, पण आमची गाडी जवळ असेल तर तीही निघते. पत्ता नव्हता, म्हणून मी उलट फोन केला. पलीकडून आवाज आला, “पऱ्हाटीच्या वावरात आहो जी, मोठ्या बाभळीपाशी.” म्हणजे कपाशीच्या शेतात. कोणते गाव असे विचारेपर्यंत आवाज तुटला, आणि त्यानंतर क्रमांक संपर्क क्षेत्राबाहेर. टॉवरवरून जो परिसर दिसत होता त्यात पाच गावे आणि सगळीकडे पऱ्हाटी. मी एकेका पोलीस पाटलाला फोन लावत गेलो. पडद्यावर नोंद आल्यापासूनची मिनिटे पुढे सरकत असतात, ती मिनिटे वरिष्ठांनाही दिसत असतात, आणि तेवढ्यात दुसरी नोंद येऊन खाली थांबलेली असते. तिसऱ्या पाटलाने वावर ओळखले आणि गाडी पोहोचली. गाडीवाल्याने ‘रुग्णास रुग्णालयात रवाना केले’ असे लिहून नोंद बंद केली. ती बाई वाचली की नाही ते मला कळले नाही आणि ते कळवण्याची सोयही व्यवस्थेत नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नावलीत पुढील गोष्टी असाव्यात असे मला वाटते. या पाळीत जागा न सापडल्यामुळे किती वेळा अडकलात? गाडी रिकामी नाही हे ठाऊक असताना तक्रारदाराला ‘गाडी येत आहे’ असे किती वेळा म्हणावे लागले? पलीकडचा माणूस आणि वरिष्ठ अशा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी किती वेळा बोलणी खाल्लीत? जेवायला किंवा लघवीला उठता आले का? महिला सहकाऱ्यांना अश्लील कॉलबद्दल आणि उशिरा सुटल्यावर घरी जाण्याच्या साधनाबद्दल वेगळे विचारा. रात्री एसटी नसते, आणि भाऊ किंवा नवरा न्यायला येईपर्यंत पाळी संपूनही त्या तेथेच बसलेल्या असतात. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. तिकडचे सहकारी आणखी एक प्रकार सांगतात. अवैध दारूची खबर देणारा नाव गुप्त ठेवा म्हणतो, आणि गावात गाडी जाऊन आली की आपले नाव कसे फुटले म्हणून कक्षालाच पुन्हा फोन करून शिव्या देतो.

एक गोष्ट बाहेरच्या अभ्यासकांच्या लक्षात येत नाही. कक्षातील माणूस तेथे कसा आला, हे जरूर विचारा. कोणी प्रकृतीमुळे किंवा लेकरे लहान म्हणून स्वतः मागून आलेला असतो आणि त्याला बंदोबस्तापेक्षा हे काम बरे वाटते. कोणी ठाण्यातून ‘कंट्रोल जमा’ होऊन, म्हणजे शिक्षा म्हणून कक्षात पाठवला जाऊन, आलेला असतो. त्याचा ताण कॉलचा कमी आणि अपमानाचा जास्त असतो. या दोघांची सरासरी काढलीत तर ती दोघांपैकी कोणाचीच नसेल.

फॉर्म वरिष्ठांच्या टेबलावर गेले तर सगळे ‘काही त्रास नाही’ असेच लिहितील, मीही तसेच लिहीन. ताणामुळे झोप येत नाही असे कागदावर आले की हा माणूस कामाचा नाही असा शेरा पडेल किंवा बदली होईल, ही भीती खरी की खोटी हे मी ठरवू शकत नाही. पण ती प्रत्येकाच्या मनात आहे. आणि फॉर्मवर नाव नसले तरी वय, लिंग, सेवाकाल आणि पाळी लिहून घेतलीत की संपले. आमच्याकडे तिशीच्या आतल्या, रात्रपाळी करणाऱ्या महिला दोनच आहेत.

शरीरक्रियाशास्त्र_वर्धा

कॉर्टिसॉलच्या सूचनेबद्दल लिहितो, कारण ऐकायला ती शास्त्रीय वाटते आणि म्हणूनच विद्यार्थी तिच्यामागे खर्चात पडतात. लाळेतील कॉर्टिसॉल मोजणे हे योग्य हातांत चांगले साधन आहे यात वाद नाही. परंतु हे संप्रेरक झोपेतून उठल्यावर साधारण ३० ते ४५ मिनिटांत शिखरावर जाते आणि मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येते. रात्रपाळी करणाऱ्याचे हे चक्र अर्धवट सरकलेले असते, आणि दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचे तर ना धड इकडे ना धड तिकडे. एका कर्मचाऱ्याचा सकाळी आठचा नमुना आणि दुसऱ्याचा रात्री दोनचा नमुना शेजारी ठेवून कोण अधिक ताणात आहे असे म्हणणे म्हणजे घड्याळ मोजून त्याला ताण म्हणण्यासारखे आहे. एकाच व्यक्तीचे, उठल्याच्या वेळेपासून मोजलेले, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांचे अनेक नमुने हवेत, ते गोठवून ठेवायला हवेत आणि प्रयोगशाळेत एकाच तुकडीत तपासायला हवेत. गर्भनिरोधक गोळ्या, गर्भावस्था, दम्याचे किंवा त्वचेचे स्टेरॉइड यांनी आकडे बदलतात. त्या गोष्टी विचारून लिहून घेणे म्हणजे २२ जणांच्या कक्षात आणखी एक खासगी माहिती गोळा करणे.

आपल्या भागात एक अडचण अशी आहे की परदेशी शोधनिबंधांत तिचा उल्लेखही सापडणार नाही, आणि ती म्हणजे खर्रा. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून पन्नीत बांधलेली ती पुडी रात्रपाळीत जागे राहण्यासाठी किती जण तोंडात ठेवतात हे आपण कक्षात गेल्यावर पाहालच. निकोटिनने हृदयगतीही वाढते आणि कॉर्टिसॉलही वाढते. खर्रा तोंडात असताना घेतलेल्या लाळेचा उपयोग नाही, आणि चूळ भरून घेतली तरी तासाभरापूर्वीचे निकोटिन रक्तात असतेच. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो नमुना बादच करावा लागतो. ‘नमुन्याआधी काही वेळ खर्रा खाऊ नका’ असे सांगाल, तर जो तुटवडा जाणवेल त्याचाही ताण मापनात उतरेल.

मनगटी घड्याळांविषयी थोडक्यात. हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतरात जे बारीक चढउतार होतात त्यांवरून स्वायत्त मज्जासंस्थेची स्थिती कळते, त्याला एचआरव्ही म्हणतात. हे मोजमाप छातीवरील पट्ट्याने चांगले होते. मनगटावरील प्रकाशीय संवेदक हात हलत असताना चुकतात आणि डिस्पॅचरचा हात तर सतत कळफलकावर असतो. ‘ताण ६८’ असा जो आकडा घड्याळ दाखवते तो कंपनीच्या गुप्त सूत्रातून आलेला असतो, त्यामुळे प्रबंधात त्याचे स्पष्टीकरण देता येत नाही. त्यातून मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कूलर बंद पडलेल्या खोलीत हृदयगती वाढली तर ती कॉलमुळे की उकाड्यामुळे हे घड्याळाला कळत नाही. छातीचे दोन-तीन पट्टे उसने मिळत असतील आणि बसून पाच मिनिटांची स्वस्थ नोंद पाळीआधी व पाळीनंतर घेता येत असेल तर घ्या, अन्यथा हा भाग वगळल्याने आपल्या अभ्यासाचे काही बिघडत नाही.

रात्रपाळी_११२ यांनी सांगितलेल्या प्रसंगाला जोडून एक मुद्दा मांडतो. मानसिक आघात फक्त डोळ्यांनी पाहणाऱ्यालाच होतो असे नाही. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी नियमावलीत कामाचा भाग म्हणून क्लेशदायक तपशिलांना वारंवार सामोरे जाणे हेही आघाताच्या निकषात धरले आहे. फोनवर ऐकून पुढच्या नोंदीकडे वळणारा माणूस त्यात येऊ शकतो. सर्वसाधारण ताणाच्या कोणत्याही मापनीत हे सापडत नाही. त्यासाठी २२ प्रश्नांची ‘इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल’ची सुधारित आवृत्ती आहे. ती एखाद्या विशिष्ट प्रसंगाबद्दल गेल्या सात दिवसांत काय जाणवले ते विचारते. मात्र ती वापरण्याआधी पुढची सोय करून ठेवा. उत्तरांतून कोणी खरोखर अडचणीत असल्याचे दिसले तर त्याच दिवशी कोणाकडे न्यायचे, हे ठरलेले असले पाहिजे. जिल्हा सामान्य रुग्णालयातील मानसिक आरोग्य पथकाशी आधी बोलून घ्या आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या माहितीपत्रावर छापा. आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागेल. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तेथे पाहिली जातात.

कापूसपट्टा

सर्वांचा आदर राखून विचारतो, एवढे मोजून करायचे काय? रिकाम्या जागा भरा, तालुक्याला आणखी एक गाडी द्या, रात्री सुटणाऱ्या बायकांसाठी वाहन ठेवा. ताण आहे हे कक्षाच्या दारात उभे राहिलेल्या कोणालाही दिसते. आमच्याकडे आजवर पुष्कळ सर्वेक्षणे झाली, शेतकऱ्यांच्या मनःस्थितीचीही झाली. मोजणारे मोजून गेले, कापसाचा भाव होता तिथेच राहिला.

संख्याशास्त्र_अमरावती

आपला राग समजतो आणि त्यातील निम्मे मला मान्य आहे. कर्मचाऱ्याचे मन मोजून थांबलात तर उपाय म्हणून योगाचे शिबिर आणि एक व्याख्यान पदरात पडते. त्याऐवजी ‘गाडी उपलब्ध नव्हती’ अशा पाळीनंतर वेळेच्या दबावाचा गुणांक किती वाढतो हे त्याच माणसांच्या नोंदींतून दाखवता आले, तर गाडी मागणाऱ्या प्रस्तावाला जोडायला एक कागद मिळतो. कागदाने गाडी येतेच असे मी म्हणत नाही; पण कागद नसलेला प्रस्ताव आपल्या कार्यालयांत कितपत पुढे सरकतो हे आपणही जाणता.

समाजकार्य_यवतमाळ

सर्वांचे मनापासून आभार. कॉर्टिसॉल आणि घड्याळ दोन्ही वगळण्याचे मी ठरवले आहे, आणि वर्ध्याच्या सरांची कारणे दुसऱ्या प्राध्यापकांपुढे मांडणार आहे. मार्गदर्शकांशी बोलणे झाले. दहा प्रश्नांची मापनी ते सोडायला तयार नाहीत, म्हणून ती सुरुवातीला एकदाच, टप्पे न लावता, घरचा आणि कामाचा मिळून असलेला एकूण ताण म्हणून घेणार आहे. मुख्य भर पाळीनिहाय नोंदींवर राहील. टीएलएक्सच्या सहा बाबी, झोपेचा एक अंक आणि रात्रपाळी दादांनी सुचवलेले प्रश्न एवढेच त्यात असेल. कक्षात कसे आलात हा प्रश्न मी लेखी न घेता मुलाखतीत विचारणार आहे.

गोपनीयतेसाठी जन्मतारीख किंवा आईच्या नावाचे आद्याक्षर यांवरून संकेतांक करण्याचा विचार होता. परंतु सेवापुस्तकात जन्मतारीख असतेच. त्यामुळे प्रत्येकाने डब्यातून एक चिठ्ठी उचलावी आणि तिच्यावरील क्रमांक स्वतःजवळ ठेवावा असे ठरवले आहे. वय तीन गटांऐवजी दोनच गटांत घेईन, आणि लिंग व पाळी यांचे एकत्रित कोष्टक अहवालात देणार नाही. भरलेली पाने बंद पाकिटात माझ्याकडे येतील. ही अट मान्य नसेल तर अभ्यास दुसऱ्या जिल्ह्यात करावा, असे मार्गदर्शकांनीच सुचवले, त्याचा मला आधार वाटला. पोलीस अधीक्षक कार्यालयाची परवानगी आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे आता पत्रात स्पष्ट लिहिले आहे.

एकच गोष्ट दादांना विचारायची राहिली. नोंदी कोणत्या काळात घ्याव्यात? सप्टेंबर सोयीचा आहे, परंतु तेव्हा पोळा, गणपती आणि फवारणी हे सगळे जवळजवळ येते.

रात्रपाळी_११२

ताई, एकाच महिन्यात सगळे उरकू नका. पोळ्याचा आठवडा आणि विसर्जनाचा आठवडा सोडा, तेव्हा बंदोबस्तामुळे कक्षात अर्धी माणसे बदललेली असतात आणि आपल्या सहा पाळ्या पूर्ण होणार नाहीत. फवारणीचे दिवस मात्र टाळू नका. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, तेव्हापासून त्या दिवसांत विषबाधेचा कॉल आला की कक्षातला प्रत्येक जण मान वर करून पाहतो. दुसऱ्या फेरीच्या नोंदी दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत घ्या, म्हणजे सापाचे आणि फवारणीचे कॉल कमी झालेले असतील आणि फरक दिसला तर दिसेल.

पाळी बदलताना जुन्या माणसाकडून नव्याकडे चालू नोंदी सोपवल्या जातात, त्या वेळी कोणाला कागद देऊ नका. सोपवून झाल्यावर बाहेर टपरीवर चहा होतो, तेथे भरून घ्या. आणि दोन्ही बाजू मिळून एक पान, त्यापेक्षा मोठे काही आणलेत तर पहिल्या दिवशी सगळे भरतील आणि तिसऱ्या दिवशी सगळीकडे मधल्याच रकान्यात खुणा असतील.